‘मेकॅनिकल कीबोर्ड घेऊन कोण फिरतं?’ मी फिरते

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला. आधी ऑफिसच्या, मग सोसायटीच्या आणि परवा चक्क सासरच्या ग्रुपवर, तिथे तो आमच्या भाऊजींनी टाकला आणि खाली "वहिनी, वाचा हं" असं लिहिलं, कारण माझ्या बॅगेत कायम मेकॅनिकल कीबोर्ड (म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्प्रिंगवाला स्विच असलेला) असतो हे घरात सगळ्यांना माहितीये आणि तो चेष्टेचा ठरलेला विषय आहे. मेसेजचं हेडिंग "मेकॅनिकल कीबोर्ड घेऊन कोण फिरतं?" आणि मजकूर थोडक्यात असा: ते किलो-दीड किलोचे धोंडे असतात, कडकड आवाजानं आजूबाजूचे वैतागतात, वायरलेस घेतला की लॅग येतो, म्हणजे अक्षर उशिरा उमटतं, बॅटरी टिकत नाही आणि वर विमानात अडवतात. तरी हौस असेलच तर सगळ्यात छोटा, ६० टक्केवाला (हे टक्के पूर्ण कीबोर्डच्या मानानं ढोबळ आकाराचे) घ्या, प्रवासाला तोच बेस्ट. आणि शेवटी, मनगटं वाचतात वगैरे सगळं थोतांड.

मी पुण्यात खराडीला ऑफिसात दिवसभर एक्सेलमध्ये असते, महिन्यातून दोन-तीनदा मुंबईला क्लायंटकडे जाते, आणि सोसायटीची सेक्रेटरी असल्यामुळे नोटिसा आणि मीटिंगची इतिवृत्तं मराठीत मीच टाइप करते. तेव्हा एकेक मुद्दा घेते.

आधी वजन. वजन मेकॅनिकल असल्यामुळे येत नाही, बॉडीमुळे येतं. कीक्रॉन कंपनीचा क्यू१ घ्या, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी, दीड किलोच्या पुढे जातो, पण तो टेबलावरून हलूच नये म्हणून बनवलेला आहे, तो पाठीवर घेऊन फिरा असं कुणीच सांगत नाहीये. लॉजिटेकचा एमएक्स मेकॅनिकल मिनी ६१२ ग्रॅमचा आहे. माझा प्लॅस्टिक बॉडीचा लो-प्रोफाइल, म्हणजे बुटक्या बटणांचा आहे, तो मी मेसेज आल्यावर भाजणी मोजायच्या काट्यावर ठेवला तर ५४० ग्रॅम भरला. लिटरभर पाण्याचंच वजन किलो होतं, ती बाटली घेऊन फिरताना कुणी फॉरवर्ड पाठवत नाही. खरं बघायचं असतं ते लांबीकडे. नंबरपॅडवाला पूर्ण कीबोर्ड ४३-४४ सेंटीमीटरचा, तो बॅगेतून डोकं बाहेर काढून बसतो. ७५ टक्केवाला ३१-३२, म्हणजे साधारण १४ इंची लॅपटॉपएवढाच, दोघं एका कप्प्यात जातात. जाडीसाठी लो-प्रोफाइल घ्यायचा, त्यात बटण साधारण ३ मिलिमीटर खाली जातं, नेहमीच्यात ४, आणि वरची टोपी पण बुटकी असते म्हणून सगळाच कीबोर्ड चपटा होतो. फक्त नुसता बॅगेत टाकू नका, चार्जरची पिन अडकून टोप्या उचकटतात. मी नवऱ्याच्या जुन्या जीन्सचा एक पाय कापून पिशवी शिवून घेतलीये, दीडशे रुपये शिलाई.

आवाजाचं अर्धं खरं आहे आणि ते मी मान्य करते. माझा भाचा एमपीएससी करतोय, नवी पेठेत अभ्यासिकेत बसतो, तो हौसेनं निळ्या स्विचचा कीबोर्ड घेऊन गेला आणि तासाभरात त्याचा फोन, "मावशी, मला जिन्यात बसवलंय". बरोबरच आहे, निळ्या स्विचमध्ये आवाज करण्यासाठीच एक वेगळा तुकडा असतो, दर दाबाला टिक्‌ करतो, तो दोष नाही, तेच त्याचं काम. लाल स्विचमध्ये तो तुकडा नसतो, बटण सरळ खाली जातं. तपकिरीत मध्ये नुसता एक उंचवटा बोटाला लागतो, टिक्‌ नाही. सायलेंट म्हणून मिळतात त्यात आत रबराचा मऊपणा दिलेला असतो. त्यामुळे "मेकॅनिकल म्हणजे कडकड" हे चूक, निळा म्हणजे कडकड. पण सायलेंटवालाही बटण तळाला आपटलं की ठप्‌ करतोच आणि टेबल पोकळ असलं की ते टेबलच ढोलकी होतं. खाली पंचाची घडी ठेवली की बराच फरक पडतो. तरीही अभ्यासिकेत नाही म्हणजे नाही, आणि शिवनेरी बसमध्ये शेजारचा झोपलेला असताना मी पण काढत नाही.

आता लॅग. हे ज्यानं लिहिलंय त्यानं गेमिंगवाल्यांचं काहीतरी ऐकून इकडे चिकटवलंय. डोंगल (यूएसबीत खोचायचा कीबोर्डचा छोटा रिसीव्हर) लावून बरेच कीबोर्ड सेकंदाला १००० वेळा लॅपटॉपशी बोलतात, म्हणजे एक मिलिसेकंद. ब्लूटूथ त्यापेक्षा हळू, पण तेही सहसा दहा-वीस मिलिसेकंदांच्या घरातलं काम आहे. आपण मिनिटाला ६० शब्द टाइप करतोय असं धरा, शब्दाला पाच अक्षरं, म्हणजे सेकंदाला पाच बटणं, दोन बटणांमध्ये २०० मिलिसेकंद. त्यात दहा-वीस कुणाला कळणारेत? मलाही कळत नाहीत आणि मेसेज लिहिणाऱ्यालाही नाही.

वायरलेसचा खरा त्रास वेगळाच असतो आणि त्याबद्दल मेसेजमध्ये चकार शब्द नाही. पहिला म्हणजे झोप. बॅटरी वाचवायला कीबोर्ड दहा-पंधरा मिनिटांनी झोपतो आणि ब्लूटूथवर असताना जागं करणारं पहिलं अक्षर बऱ्याचदा गिळतो. मुंबईत क्लायंटच्या मीटिंगरूममध्ये लॅपटॉप मोठ्या स्क्रीनला जोडलेला, बारा माणसं बघतायत, मी पासवर्ड टाकला आणि चुकीचा. तेव्हापासून आधी शिफ्ट दाबते, दोन सेकंद थांबते, मगच टाइप करते.

दुसरा त्रास डोंगलचा. डोंगल आणि ब्लूटूथ दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि यूएसबी ३ ची पोर्टं, हार्डडिस्का, हब याच पट्ट्यात गोंगाट करतात, इंटेलनं २०१२ मध्ये स्वतःच हे लिहून प्रसिद्ध केलंय. त्यामुळे अक्षरं दोनदा उमटत असतील किंवा गायब होत असतील तर कीबोर्डला शिव्या घालायच्या आधी डोंगल हार्डडिस्कच्या शेजारून काढून दुसऱ्या बाजूच्या पोर्टमध्ये लावून बघा. आणि तिसरा, जो पुण्यातल्या आयटीवाल्यांना सगळ्यात जास्त लागू आहे: कंपनीच्या लॅपटॉपवर यूएसबी बंद असतं, कधी फक्त पेनड्राइव्हपुरतं, कधी अनोळखी सगळ्यालाच. म्हणजे डोंगल गेलं, मग ब्लूटूथ पाहिजे. पण लॅपटॉप चालू होताना विंडोजच्या आधी जो बिटलॉकरचा (डिस्कच्या कुलपाचा) पिन विचारतात तिथे ब्लूटूथ सहसा जागंच झालेलं नसतं. म्हणून ब्लूटूथ, डोंगल आणि केबल तिन्ही असलेला घ्या, आणि केबलवर टाइप होतं का हे विचारून घ्या, कारण काहींची केबल नुसती चार्जिंगपुरती असते, वर सांगितलेल्या लॉजिटेकचीही तशीच आहे.

बॅटरीचं दोन ओळींत. बॅटरी टाइपिंग खात नाही, खालचे दिवे खातात. लॉजिटेकच त्या कीबोर्डसाठी सांगतं की दिवे चालू असले तर १५ दिवस आणि बंद असले तर १० महिन्यांपर्यंत. दिवे बंद करा, विषय संपला. विमानाचं म्हणाल तर बहुतेक मेसेज लिहिणाऱ्याला पॉवरबँकेचा नियम आठवत होता, ती चेक-इनमध्ये चालत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते. मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. कीक्रॉनच्या के२ मध्ये ४००० एमएएचची बॅटरी असते, ३.७ व्होल्टनं गुणलं की होतात १४.८ वॉट-अवर, म्हणजे मर्यादेच्या जवळपास पण नाही. केबिन बॅगेत ठेवा आणि कडेला सरकवायचं बटण असतं ते बंद करा, नाहीतर बॅगेत बटणं दाबली जाऊन तो रात्रभर जागा राहतो.

आणि आता तो ६० टक्केवाला सल्ला, ज्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहायला बसले. ६० टक्के म्हणजे साधारण ६१ बटणं: एफ१ ते एफ१२ ची ओळ नाही, बाणाची बटणं नाहीत, डिलीट नाही, हे सगळं एफएनचं जोडबटण दाबून दुसऱ्या कुठल्यातरी बटणावर. एक्सेलवाल्यांना एफ२ आणि एफ४ शिवाय दिवस कसा जातो ते विचारा. पण मराठी टाइप करणाऱ्यांचे हाल त्याहून जास्त होतात. इन्स्क्रिप्टमध्ये (मराठीच्या प्रमाण कळफलकात) "स्त्री" लिहायला सहा बटणं लागतात, स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. चुकलं आणि बॅकस्पेस मारला तर शेपटाकडून एकेक तुकडा जातो, आधी वेलांटी, मग र, मग हलन्त. डिलीट मारला तर बहुतेक ठिकाणी अख्खं जोडाक्षर एका दमात जातं. आणि मागे जाऊन एखादी वेलांटी बदलायची तर बाण हवेतच, माउसनं जोडाक्षराच्या नेमक्या कडेला क्लिक करून बघा एकदा. म्हणजे बाण आणि डिलीट या आपल्याला रोज तासाला पन्नासदा लागणाऱ्या गोष्टी, नेमक्या त्याच काढून टाकलेला कीबोर्ड म्हणे प्रवासाला बेस्ट. दोन-तीन सेंटीमीटर वाचवायला! ६५ टक्क्यांत बाण आणि डिलीट परत येतात, ७५ मध्ये एफची ओळ पण. माझं मत ७५, एक्सेल नसेल तर ६५, त्याखाली जाऊ नका.

यातच एक अजून, जे मला स्वतःला नडलं. परदेशातून कुणी आणतंय म्हणून स्वस्तात कीबोर्ड घेताना एंटरचा आकार बघा. आपल्याकडे एंटर आडवा, एका ओळीचा असतो आणि त्याच्या वर बॅकस्लॅश. इन्स्क्रिप्टमध्ये त्या बॅकस्लॅशवर ॉ असतो, शिफ्टसकट ऑ. युरोपातल्या कीबोर्डवर एंटर उभा, दोन ओळींचा, आणि त्या बॅकस्लॅशची जागा त्यानं गिळलेली. माझ्या मैत्रिणीनं जर्मनीहून तिचा जुना मला दिला, मी खुशीत पहिल्याच दिवशी सरांना मेसेज टाइप केला, "कॉल करते". क दाबला, बोट सवयीनं ॉ ला गेलं आणि सरांना नुसता "क" गेला. मग "सॉरी" लिहायला गेले. "स" गेला. तिकडून सरांचं उत्तर, "बरी आहेस ना?"

मनगटांच्या मुद्द्यावर मात्र मेसेजवाला बरोबर आहे. मेकॅनिकल स्विचनं मनगटं बरी होत नाहीत. फायदा होतो तो वेगळ्या कीबोर्डचा, लॅपटॉप उंचावर ठेवून स्क्रीन डोळ्यासमोर येते आणि मान खाली घालून बसावं लागत नाही, ते हजार-बाराशेच्या साध्या कीबोर्डनंही होतं. उलट जाडजूड मेकॅनिकल असेल तर हात वर वाकडा होतो, लो-प्रोफाइल घ्यायचं ते पण एक कारण. मी मेकॅनिकल वापरते कारण मला बोटांखाली तो बरा वाटतो, एवढंच, याला औषधाचं नाव कशाला द्यायचं.

हे सगळं मी सासरच्या ग्रुपवर एवढं लांब नाही टाकलं, भाऊजींना फोनवरच सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणतात, "मग वहिनी, मी कुठला घेऊ?" म्हटलं भाऊजी, आधी तुमच्या ऑफिसच्या लॅपटॉपला डोंगल चालतं का ते विचारा. काल आयटीला तिकीट टाकलंय म्हणाले.