‘क्लाउडवर टाका आणि निश्चिंत व्हा’: एका फॉरवर्डमधले पाच दावे

‘हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह विसरा, सगळं क्लाउडवर टाका’ (म्हणजे नेटवरून कंपन्यांच्या सर्व्हरवर साठवा) असा सल्ला देणारा मजकूर बरेच दिवस फिरतोय. त्यात पाच गोष्टी ठासून सांगितल्या आहेत. एकदा अपलोड केलेली फाइल कधीच हरवत नाही. म्हणून फोनमधली डिलीट करून जागा मोकळी करा. ती कुठल्याही उपकरणावर, कधीही उघडते. हे सगळं फुकट आहे. आणि तुमच्याशिवाय ती कोणी पाहू शकत नाही.

क्लाउड मी रोज वापरतो. लॅपटॉपवर अर्धवट राहिलेलं लिखाण फोनवर पुढे सुरू करता येतं, ही सोय मला सोडायची नाही. पण या पाचातला एकही दावा जसाच्या तसा खरा नाही, आणि दुसरा तर सरळ नुकसान करणारा आहे. म्हणून आधी तोच घेतो.

फोनमधली फाइल डिलीट करा म्हणे. ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह, गूगल ड्राइव्ह, आयक्लाउड या सगळ्यांचा पाया सिंक हा आहे: एका उपकरणावर केलेला बदल बाकी सगळीकडे पोचवायचा. डिलीट करणं हाही बदलच. आयक्लाउड फोटोज चालू असताना आयफोनमधला फोटो डिलीट केला, की तो आयपॅडवरून, मॅकवरून आणि क्लाउडवरूनही जातो. गूगल फोटोजच्या ॲपमध्ये बॅकअप झालेला फोटो नेहमीसारखा डिलीट केला तरी तेच होतं. नुसती जागा हवी असेल तर तिथे ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे, तो फक्त फोनवरची प्रत काढतो. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू केलं की मूळ फोटो क्लाउडवर राहतात आणि फोनवर लहान आकाराचे उरतात. फॉरवर्डमध्ये या दोन्हींचा उल्लेखही नाही.

चूक सुधारायला मुदत मिळते, पण ती मोजकी. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस, आयक्लाउड फोटोजमध्ये साधारण तेवढेच, गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेल्या फोटोंना ६० दिवस. जुना फोटो नाहीसा झालाय हे कळायला पुष्कळदा याहून जास्त वेळ लागतो.

इथली मुळातली गफलत अशी की फाइल तीन उपकरणांवर दिसते म्हणून तिच्या तीन प्रती आहेत असं लोक समजतात. प्रत्यक्षात ती एकाच फाइलला असलेली तीन दारं आहेत. रॅन्समवेअरने, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, संगणकावरचं फोल्डर कुलूपबंद केलं, तर सिंक त्या कुलूपबंद फाइली इमानेइतबारे वर चढवतो. जुनी आवृत्ती परत आणायची सोय असते, तिलाही मर्यादा असते. म्हणून सिंकच्या कक्षेबाहेरची एक प्रत लागतेच. महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करून वायर काढून ठेवली तरी बरंच काम होतं.

‘कधीच हरवत नाही’ या दाव्यात थोडं तथ्य आहे. मोठ्या कंपन्या फाइल एकाच डिस्कवर ठेवत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडची एखादी डिस्क बिघडल्याने तुमचा फोटो सहसा जात नाही. पण १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा वेगळा बॅकअप नसलेल्या ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हच्या संगणकावरच्या ॲपमधून काहींच्या फाइली गायब झाल्या. कंपनीने ॲपमधला दोष मान्य केला आणि फाइली परत मिळवण्याचा मार्ग दिला. याहून नेहमीचं कारण साधं असतं: खात्यात शिरताच येत नाही. पासवर्ड आठवत नाही आणि ओटीपी जातो तो नंबर केव्हाच बंद झालेला असतो. शिवाय दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल आतल्या मजकुरासकट काढून टाकू शकतं.

कुठेही, कधीही उघडण्याचं म्हणाल तर, नेट असेल तर. फोल्डरमध्ये फाइलचं नाव दिसतं, म्हणून ती उपकरणावर उतरलेली असतेच असं नाही. पुष्कळदा तिथे फक्त खूण असते आणि उघडताना फाइल खाली येते. प्रवासाला निघण्यापूर्वी हव्या त्या फाइली ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवाव्यात. गूगल डॉक्सचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. संगणकावरच्या ड्राइव्ह फोल्डरमधला डॉक पेनड्राइव्हवर ओढला, तर सोबत येतो तो नुसता पत्ता. मजकूर गूगलच्या सर्व्हरवरच राहतो. खरी प्रत हवी असेल तर तो वर्डच्या किंवा पीडीएफच्या रूपात डाउनलोड करावा लागतो, किंवा सगळं एकदम हवं असेल तर गूगल टेकआउट ही आपला डेटा डाउनलोड करायची सोय वापरावी.

फुकटचं थोडक्यात: गूगल १५ जीबी देतं, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिन्ही आले. १ जून २०२१ पासून कमी आकारात साठवलेले नवे फोटोही त्यात मोजले जातात. जागा भरली की मेल येणंही थांबतं. आयक्लाउड आणि वनड्राइव्ह ५ जीबी देतात, ड्रॉपबॉक्स २.

राहिला ‘कोणी पाहू शकत नाही’. फाइली एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असतात हे खरं, पण बहुतेक सेवांमध्ये किल्ली कंपनीकडेच असते. १९ जून २०११ रोजी ड्रॉपबॉक्सच्या एका चुकीमुळे सुमारे चार तास कुठल्याही पासवर्डने कुठलंही खातं उघडत होतं. ज्याच्याकडे लिंक त्याला फाइल दिसेल, अशी परवानगी आपणच देऊन विसरतो, तो भाग वेगळाच. किल्ली फक्त आपल्याकडे ठेवायची सोयही काही ठिकाणी आहे. ॲपलने डिसेंबर २०२२ मध्ये ‘ॲडव्हान्स्ड डेटा प्रोटेक्शन’ आणलं, पण ते आपण होऊन चालू करावं लागतं. फॉरवर्डवाल्याने पहिलं (‘हरवत नाही’) आणि पाचवं (‘कोणी पाहू शकत नाही’) वचन एका दमात दिलंय, पण ही दोन एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. हे संरक्षण चालू असताना पासकोड, रिकव्हरी की (खातं परत मिळवायचा, आधीच जपून ठेवलेला कोड) आणि विश्वासातला रिकव्हरी काँटॅक्ट यांतलं काहीच हाताशी उरलं नाही, तर त्याखालच्या फाइली ॲपलही उघडून देऊ शकत नाही.