‘येथे गाणी भरून मिळतील’

पोस्ट मोठी आहे, पण बरेच दिवस मनात होतं ते सगळं एकदा लिहून टाकतो.

२०१० ते २०१७ या काळात माझ्या दुकानाच्या शटरला एक पुठ्ठा टांगलेला असायचा. त्यावर स्केचपेननं लिहिलं होतं, ‘येथे मेमरी कार्डमध्ये गाणी व पिक्चर भरून मिळतील’. जयगड खाडीच्या गुहागरकडच्या अंगाला आमचं गाव, नाक्यावर दुकान. आधी एसटीडी बूथ होता, मग रिचार्ज आलं आणि रिचार्जच्या जोडीला हे कार्ड भरणं. दोन जीबीचं कार्ड भरायला वीस रुपये, चार जीबीला तीस. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी उतरले की रात्री अकरापर्यंत रांग असायची. नवा पिक्चर शुक्रवारी लागला की रविवारी माझ्या कॉम्प्युटरवर असायचा. कुठून यायचा हे मी कधी विचारलं नाही आणि मलाही कोणी विचारलं नाही. तेव्हा याला ‘पायरसी’ म्हणतात हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणणार नाही.

हे आज सांगायचं कारण म्हणजे एक वाक्य हल्ली सारखं कानावर येतं, ‘खेड्यातल्या लोकांना ऑनलाइन जमत नाही.’ सभेत ऐकलं, तालुक्याला ऐकलं, शहरात राहणाऱ्या माझ्या चुलतभावाकडूनही ऐकलं. मला हे अजिबात मान्य नाही. माझ्या काउंटरला २०१२ साली येणाऱ्या काकी, ज्यांना सही करायला दोन मिनिटं लागायची, त्या मला बजावायच्या, “थ्रीजीपी नको हां बाला, चित्र फुटतं. एमपी फोर टाक.” (दोन्ही व्हिडिओ फाइलचे प्रकार.) कुठल्याही सरकारनं त्यांना प्रशिक्षण दिलं नव्हतं. आज तेच लोक टेलिग्रामवर चॅनल शोधतात, एक बंद पडलं की दुसऱ्याला जातात. कोर्टाच्या आदेशानं पिक्चरची एखादी साइट बंद होते आणि दुसऱ्या दिवशी तीच साइट पत्त्याचं शेपूट बदलून उगवते. तो नवा पत्ता संध्याकाळपर्यंत वाडीतल्या सगळ्यांना माहीत असतो. आणि सातबाऱ्याच्या सरकारी साइटचा पत्ता? तो विचारा, दहातले नऊ जण गप्प.

म्हणजे जमत नाही हे खरं नाही. प्रश्न कुठली वाट चालू आहे आणि कुठली बंद आहे याचा आहे.

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. आमच्या खाडीपट्ट्यात रेंज यायला जरा उशीर लागला, पण २०१७ च्या शिमग्याला मी तो पुठ्ठा काढला. एकही कार्ड आलं नव्हतं. त्या जागी बोर्ड लागला, ‘सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. ‘भरून मिळतील’ तेच राहिलं. गाण्यांच्या जागी फॉर्म आले, माणसं तीच.

मी दोन्ही धंदे एकाच टेबलावर केले, म्हणून हे बोलण्याचा थोडा अधिकार आहे असं मानतो. चोरीचा पिक्चर लोकांनी का घेतला? फुकट किंवा स्वस्त होता, हे खरंच. पण तेवढंच कारण नव्हतं. आमच्याकडून थिएटर गाठायचं म्हणजे चिपळूण नाहीतर रत्नागिरी. एसटीनं गेलं तर शेवटचा शो बघून परत यायला गाडी नाही. सरळ वाटेनं पिक्चर बघायची सोयच नव्हती. आडवाट मात्र नाक्यावर, माझ्या दुकानात होती. ती साध्यातल्या साध्या फोनवर चालायची, नाव विचारायची नाही, पासवर्ड मागायची नाही, आणि लाइट गेली तरी कार्डातला पिक्चर सुरूच राहायचा.

आता सरकारी कामाची वाट बघा. योजनेचं नाव लिहीत नाही, कारण कुणा एका खात्यावर राग काढायचा नाही. गेल्या पावसाळ्यात एका योजनेची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, होती. काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या सात-आठ बायका कामावरून सुटून थेट दुकानात यायच्या. काजूगराची सालं काढून आणि टरफलातल्या तेलानं त्यांची बोटं इतकी सोलवटलेली असतात की मशीनवर ठसा उठत नाही. अंगठा ठेवायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचा. तर्जनी, मधलं बोट, डावा हात. एका बाईनं दहाही बोटं ठेवून पाहिली आणि शेवटी हात पदराखाली घेतला. मला आजही तो हात दिसतो.

ज्यांचा ठसा उठत नाही त्यांना ओटीपी. आणि ओटीपी जातो मुंबईला. आधार काढलं तेव्हा घरात एकच मोबाइल होता, तो मुलाचा, म्हणून त्याचाच नंबर दिला. आता मुलगा नालासोपाऱ्याला. “आरं, तो कंपनीत हाय. जेवाच्या सुट्टीत फोन उचलील.” जेवणाच्या सुट्टीत त्यानं फोन उचलेपर्यंत इकडे ओटीपीची मुदत संपलेली. पुन्हा पहिल्यापासून. फोटो अमुक केबीतच बसला पाहिजे, कागद तमुक केबीत. नावात आधारवर ‘ई’ दीर्घ आणि रेशनकार्डावर ऱ्हस्व, म्हणून अर्ज परत. दिवसा साइट उघडत नाही, नुसतं चक्र फिरत राहतं, म्हणून आम्ही रात्री अकरानंतर फॉर्म भरतो. बायका दुकानाच्या पायरीवर बसून असतात, सकाळी सहाला उठून त्यांना पुन्हा कामावर जायचं असतं.

या अडचणीवर माझं पोट चालतं, हेही लिहायला हवं. साइट नीट चालली तर माझं गिऱ्हाईक कमी होईल. होऊ दे. सातबाऱ्याच्या बाबतीत ते झालंच आहे. २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळायला लागला, पंधरा रुपयांत, घरबसल्या. कोकणातल्या जमिनी सामाईक, एका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं, त्यातली पंधरा मुंबईला. पूर्वी एका उताऱ्यासाठी माणूस डोंबिवलीहून सुट्टी काढून यायचा, तलाठी दौऱ्यावर असला की तसाच परत जायचा. आज तो लोकलमध्ये उभ्या उभ्या उतारा काढतो. हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. कोणी शिबिर घेतलं नाही, गाडीवर भोंगा लावून प्रचार केला नाही. वाट सरळ झाली आणि लोक चालायला लागले. तीच गोष्ट यूपीआयची. पहाटे रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या जेटीवर जा, मासळीच्या टोपलीशेजारी क्यूआर कोड दिसेल. त्या बायकांना कोण म्हणेल की ऑनलाइन जमत नाही?

आता ज्या गोष्टीमुळे ही पोस्ट लिहायला बसलो ती सांगतो.

आमच्या वाडीतले एक काका, वय साठीच्या पुढे, थोडी काजूची बाग. त्यांना व्हॉट्सॲपवर एक फाइल आली, ‘पीएम किसान’ नावाची, शेवटी एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल. वर्षाला सहा हजार, दोन-दोन हजाराचे तीन हप्ते, त्यातला एक त्यांचा अडकलेला होता. हप्ता सुटेल म्हणून त्यांनी ती दाबली. फोननं लाल सूचना दाखवली, त्यांनी ‘तरीही इंस्टॉल करा’ दाबलं. ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. रात्री झोपले. सकाळी काजूचे एक्केचाळीस हजार खात्यातून गेलेले.

मी त्यांचा फोन उघडून बघितला. त्यात आधीपासून एक पिक्चरचं ॲप होतं, क्रिकेट आणि नवे सिनेमे फुकट दाखवणारं. तेही व्हॉट्सॲपवरूनच आलेलं, पुतण्यानं टाकून दिलेलं. ते टाकताना ‘या स्रोताकडून ॲप घ्यायला परवानगी द्या’ असं जे बटण येतं ते तेव्हाच चालू झालं होतं आणि चालूच राहिलं होतं. लाल सूचना आली की ‘तरीही’ दाबायचं, हेही पुतण्यानंच शिकवलं होतं, कारण पिक्चरच्या ॲपलाही तीच सूचना आली होती. आणि तेव्हा काहीही वाईट झालं नव्हतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावला, तक्रार नोंदवली. पैसे अजून आलेले नाहीत. काका मला म्हणाले, “सरकारचं नाव होतं रे त्याच्यावर.”

मला वाटतं, पायरसीचं आपल्याकडचं खरं नुकसान इथे आहे आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. आपण बोलतो निर्मात्याच्या कोटींबद्दल आणि कायद्याबद्दल. कायदा कडक आहेच. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ ला दुरुस्ती झाली, थिएटरमध्ये चोरून पिक्चर उतरवला तर किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड. पण नाक्यावरच्या माणसाला यातलं काही शिवत नाही. त्याला शिवते ती सवय. आडवाटेची सवय एकदा हाताला लागली की बोट पिक्चरला वेगळं आणि सरकारी कागदाला वेगळं वागत नाही. आणि सरळ वाट वारंवार बंद मिळाली की आडवाटच खरी वाटायला लागते. काकांचा हप्ता सरळ वाटेनं का अडकला हे त्यांना तीन महिन्यांत कोणी सांगितलं असतं, तर त्या फाइलला त्यांनी हातही लावला नसता.

म्हणून मला दोन्हीकडे बोलायचं आहे. पोरांनो, काका-काकूंच्या फोनमध्ये फुकट पिक्चरचं ॲप टाकून देऊ नका. टाकलं असेल तर आज काढा, आणि सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ बघायला शिकवा. गुगलवर पहिलं जे येईल ते दाबू नका. आणि कुठलंही सरकार व्हॉट्सॲपवर फाइल पाठवून हप्ता सोडत नाही.

आणि जे ही पोर्टलं बनवतात त्यांना माझी विनंती आहे, अगदी मनापासून. एकदा आमच्याकडे येऊन बसा. रेंजची एक कांडी, पाच वर्षांचा फोन आणि सोलवटलेली बोटं घेऊन तुमचाच फॉर्म भरून बघा. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आपल्या महाराष्ट्रात आहे. ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील करता येतं, एक, दोन आणि तिसरं थेट आयोगाकडे, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड आहे. आमच्या नाक्यावर हे किती जणांना ठाऊक आहे? अपील करायला हातात पोच लागते, आणि फॉर्म पूर्ण भरलाच गेला नाही तर पोच कुठली? चक्र फिरत राहिलं त्याची नोंद कुठेच होत नाही.

एक गोष्ट राहिली. ती सांगायला मला जड जातं.

२०१३ च्या सुमारास एक शाहीर रिचार्जला दुकानात आले होते. आमच्याच भागातले, जाखडीतले, म्हणजे कोकणातल्या लोकनाचगाण्यातले, नावाजलेले. परळच्या दामोदर नाट्यगृहात शक्ती-तुऱ्याचे, म्हणजे दोन मंडळांतल्या सवाल-जवाबाचे, सामने गाजवलेले. माझ्या स्पीकरवर त्यांचीच गवळण चालू होती. ते ऐकत उभे राहिले. मग विचारलं, “शिडी कुठून घेतलीस?” मी म्हटलं, सीडी नाही, कार्डात आहे. ते म्हणाले, “पाचशे काढल्या होत्या. पन्नास रुपयाला एक. साडेतीनशे घरात पडल्या हायत.” एवढंच बोलले. रिचार्जचे पैसे दिले आणि गेले. मी गवळण बंद केली, पण कॉम्प्युटरमधून काढली नाही. त्या शिमग्याला ती किती कार्डांत गेली याचा हिशोब माझ्याकडे नाही.

गेल्या महिन्यात ते पुन्हा आले. ज्येष्ठ कलावंतांचं मानधन असतं, महिन्याला पाच हजार, त्याचा ऑनलाइन अर्ज भरायला. अर्जाला कलेच्या कामाचे पुरावे लागतात. हँडबिलं पावसात गेली, फोटो वाळवीनं खाल्ले. आणि सीडी? घरातली एकही आता चालत नाही, सगळ्यांना बुरशी. मी जुनी हार्ड डिस्क काढून लावली. फोल्डर तसाच होता, ‘जाखडी’. त्यात त्यांची ती अख्खी सीडी, कव्हरच्या फोटोसकट, त्यावर मंडळाचं नाव आणि साल. ती पुराव्याला लावली. यामुळे मी केलं ते बरोबर ठरत नाही. त्यांच्या घरी पडून राहिलेल्या साडेतीनशे सीड्यांचे पैसे त्यांना तेव्हा हवे होते.

मी त्यांना म्हटलं, शाहीर, ही मी विकली होती. वीस-वीस रुपयांत.

“म्हाईत हाय मला,” ते म्हणाले आणि स्क्रीनकडे बघत राहिले. “आता ओटीपी कवा येल?”

ओटीपी मुलाच्या नंबरवर गेला होता. मुलगा ठाण्याजवळच्या दिव्याला, सेकंड शिफ्टला. मी फोन लावला, उचलला नाही. दोन चहा सांगितले आणि आम्ही दोघं बसून राहिलो.