अमेरिकेतले पहिले पक्ष 1787 च्या वादातून जन्मले नाहीत

अमेरिकेत निवडणूक आली की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 1787 साली संविधानावरून, त्याच्या बाजूचे फेडरलिस्ट आणि विरोधातले अँटी-फेडरलिस्ट, असे दोन पक्ष पडले; अर्थमंत्री हॅमिल्टन आणि परराष्ट्रमंत्री जेफरसन यांच्या वैराने ते फोफावले; पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन दोन्हींपासून अलिप्त राहिले आणि जाताना देशाला पक्षांपासून सावध करून गेले; आणि तेच दोन पक्ष आज रिपब्लिकन व डेमोक्रॅट म्हणून उभे आहेत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीच्या वहीत हे सगळं शब्दशः उतरलेलं पाहिलं, तेव्हा उत्तर लिहायलाच हवं असं वाटलं.

पहिला दावा तपासायला सोपा आहे. पक्ष तेच असतील, तर माणसंही साधारण त्याच बाजूंना दिसली पाहिजेत. संविधान घडवणाऱ्यांतले एक, जेम्स मॅडिसन घ्या. संविधानाच्या बाजूने ‘फेडरलिस्ट’ नावाने जे 85 लेख आले, ते हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांचे. म्हणजे 1788 मध्ये मॅडिसन पक्के फेडरलिस्ट. तेच मॅडिसन चार वर्षांत फेडरलिस्ट पक्षाच्या विरोधकांचे म्होरके झाले. उलट, व्हर्जिनियात संविधानाविरुद्ध रान उठवणारे पॅट्रिक हेन्री 1799 मध्ये फेडरलिस्ट म्हणून निवडून आले. न्यूयॉर्कच्या जॉर्ज क्लिंटनसारखे अनेक जुने विरोधक पुढे जेफरसन यांच्या, म्हणजे फेडरलिस्ट पक्षाच्या विरोधी, बाजूला गेले, हे मान्य. पण संविधान मंजूर झालं आणि 1791 मध्ये नागरिकांच्या हक्कांच्या दुरुस्त्याही आल्या, तेव्हा त्या जुन्या भांडणाचं कारणच उरलं नाही. हॅमिल्टन यांच्या नव्या पक्षाने फेडरलिस्ट हे जुनं नाव घेतलं, एवढंच.

मग पक्ष आले कुठून? इथेच वैराची गोष्ट सांगितली जाते, आणि मला सर्वांत जास्त खटकते ती हीच. कारण तिच्यात खरा प्रश्न हरवतो. तो प्रश्न पैशांचा होता.

जानेवारी 1790 मध्ये अर्थमंत्री हॅमिल्टन यांनी सरकारी कर्जाची योजना मांडली. स्वातंत्र्ययुद्धात लढलेल्या सैनिकांना पगाराऐवजी, सरकार पैसे नंतर देईल अशा वचनाचे कागद मिळाले होते. पोटासाठी अनेकांनी ते कवडीमोलाने विकले आणि सट्टेबाजांनी गोळा केले. हॅमिल्टन म्हणाले, आज ज्याच्या हातात कागद आहे त्याला पूर्ण दर्शनी किंमत द्यायची, तरच देशाची पत राहील. मॅडिसन म्हणाले, मूळ सैनिकालाही वाटा द्या. फेब्रुवारीत प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, मॅडिसन यांची सूचना 36 विरुद्ध 13 मतांनी पडली. आता तारीख पाहा: परराष्ट्रमंत्री होणारे जेफरसन न्यूयॉर्कला, म्हणजे तेव्हाच्या राजधानीत, पोहोचले मार्चच्या उत्तरार्धात. ठिणगी पडली तेव्हा ते तिथे नव्हतेच!

त्यापुढचा वाद राज्यांची युद्धातली कर्जं केंद्राने आपल्या अंगावर घेण्याचा. व्हर्जिनियाने आपलं बरंचसं कर्ज फेडलं होतं, मॅसॅच्युसेट्स आणि साउथ कॅरोलायना यांच्या डोक्यावर मोठा बोजा होता. फेडणाऱ्याने दुसऱ्याचं का फेडायचं, हा प्रश्न साधा आणि रास्त होता. तो सुटला जेफरसन यांच्याच घरी, हॅमिल्टन आणि मॅडिसन यांच्यासोबतच्या जेवणावर: कर्जाचा प्रस्ताव पुढे जाऊ द्यायचा, बदल्यात कायमची राजधानी व्हर्जिनियालगतच्या पोटोमॅक नदीकाठी आणायची. ज्यांच्या वैरातून पक्ष जन्मले म्हणतात, त्यांनी 1790 च्या उन्हाळ्यात एकमेकांचं काम करून दिलं होतं. जेफरसन यांना त्याचा पश्चात्ताप नंतर झाला.

1791 मध्ये हॅमिल्टन यांच्या राष्ट्रीय बँकेचा कायदा प्रतिनिधिगृहात 39 विरुद्ध 20 मतांनी गेला, आणि विरोधातली बहुतेक मतं दक्षिणेकडची होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात फिलिप फ्रेनो यांचं विरोधी वृत्तपत्र निघालं. फ्रेनो जेफरसन यांच्या खात्यात वर्षाला 250 डॉलरवर अनुवादक होते. वैर होतं, यात शंका नाही. पण ते या प्रश्नांवरून वाढलं.

रस्त्यावरच्या माणसाला पक्षात ओढलं ते जॉन जे यांनी इंग्लंडशी केलेल्या करारानं. 1795 मध्ये सिनेटने तो 20 विरुद्ध 10, म्हणजे लागणाऱ्या नेमक्या दोन-तृतीयांश मतांनी मंजूर केला. गावोगावी कराराविरोधात सभा झाल्या, न्यूयॉर्कच्या एका सभेत हॅमिल्टन यांच्यावर दगड आले. तेव्हा हॅमिल्टन आणि जेफरसन दोघंही मंत्रिपदं सोडून घरी बसले होते, तरी भांडण वाढतच गेलं. 1796 मध्ये करार अमलात आणायचा खर्च प्रतिनिधिगृहात जेमतेम 51 विरुद्ध 48 मतांनी मंजूर झाला. (याच कराराच्या 13 व्या कलमाने अमेरिकन जहाजांना हिंदुस्थानातल्या ब्रिटिश बंदरांत, म्हणजे आपल्या मुंबईतही, व्यापाराची मुभा दिली.)

वॉशिंग्टन यांच्याबद्दल जपून बोलायला हवं. पक्षांचा त्यांना मनापासून तिटकारा होता. पण 19 सप्टेंबर 1796 ला छापलेल्या त्या निरोपाच्या पत्राचा पहिला मसुदा 1792 मध्ये मॅडिसन यांनी केला होता आणि अखेरचा हॅमिल्टन यांनी, म्हणजे एका पक्षाच्या नेत्याने. तेव्हाचं मंत्रिमंडळ सगळं फेडरलिस्ट होतं. पॅट्रिक हेन्री यांना 1799 मध्ये उभं राहायची गळ घालणारेही वॉशिंग्टनच. त्या पिढीला आपली बाजू म्हणजे राष्ट्र आणि समोरची बाजू म्हणजे कंपू असंच वाटे. स्वर्गात पक्षासोबतच जावं लागणार असेल तर मी जाणारच नाही, असं जेफरसन यांनी 1789 मध्ये लिहिलं होतं, आणि 1796 मध्ये ते एका पक्षाचे उमेदवार होते.

पक्ष मुळापासून असते, तर संविधानात त्यांची सोय दिसली असती. तिथे अध्यक्ष निवडणाऱ्या प्रत्येक निर्वाचकाने दोघांना मत द्यायचं; सर्वाधिक मतांचा अध्यक्ष, दुसरा उपाध्यक्ष. त्यामुळे 1796 मध्ये फेडरलिस्ट जॉन अॅडम्स 71 मतांनी अध्यक्ष आणि प्रतिस्पर्धी जेफरसन 68 मतांनी उपाध्यक्ष झाले. 1800 मध्ये जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांना 73-73 मतं पडली आणि निकालासाठी प्रतिनिधिगृहात 36 फेऱ्या लागल्या. शेवटी 1804 मध्ये अध्यक्ष आणि उपाध्यक्ष यांना वेगवेगळी मतं देण्याची बारावी दुरुस्ती करावी लागली.

राहिला शेवटचा दावा. फेडरलिस्टांचा शेवटचा अध्यक्षीय उमेदवार 1816 मध्ये लढला, मग तो पक्ष संपला. 1824 चे चारही प्रमुख उमेदवार जेफरसन यांच्याच पक्षाचे होते, आणि तोही त्यानंतर फुटला. त्यातल्या अँड्र्यू जॅक्सन यांच्या गटातून डेमोक्रॅटिक पक्ष उभा राहिला. आजचा रिपब्लिकन पक्ष 1854 चा, गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू नये म्हणून निघालेला. गोंधळ नावाचा आहे: जेफरसन यांचे लोक स्वतःला रिपब्लिकन म्हणवत, आणि 1854 च्या नव्या पक्षाने तेच नाव उचललं.