लंगोट कोण धुणार?

माझ्या मामेबहिणीला पुण्यात मुलगी झाली, त्याला परवा सहा आठवडे झाले. या सहा आठवड्यांत आमच्या घरच्या ग्रुपवर दोनच विषय आहेत. डायपर की लंगोट, आणि दूध पुरतंय की नाही. मोठ्या मामींचं म्हणणं, डायपरने बाळाचे पाय फाकतात, कातडी सोलवटते, आमची चार पोरं लंगोटावर वाढली. धाकटी मावशी म्हणते, तुमच्या वेळी घरात पाच बायका होत्या, तिच्या जिवाला जरा स्वस्थता नको का. दुधाबद्दल तर प्रत्येकाला काहीतरी सांगायचंच असतं. बाळ रडलं की "पोट भरत नसेल, वरचं सुरू कर", आणि वरच्याचं नाव काढलं की "आईच्या दुधाची सर येते का कशाला!" मंगळवारी तिचा फोन आला तेव्हा माझ्याकडे रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणजे तिच्याकडे अडीच. "ताई, मला काहीच धड जमत नाहीये," एवढंच बोलली आणि रडायला लागली. मागे बाळही रडत होतं.

मी नेदरलँड्समध्ये राहते, आइंडहोव्हनच्या जवळ. माझी दोन्ही मुलं इथेच झाली. फोन ठेवल्यावर मी ग्रुप पुन्हा वरपासून वाचून काढला. बाळाला काय बांधायचं आणि काय पाजायचं यावर चौदा माणसं बोलली होती. ते धुणार कोण आणि पाजणारी झोपणार कधी, हे एकानेही विचारलेलं नव्हतं.

इथे बाळंतपणानंतर सुरुवातच या प्रश्नाने होते. क्रामझोर्ग नावाची सोय आहे. 'क्राम' म्हणजे बाळंतपण, 'झोर्ग' म्हणजे काळजी. बाळ जन्मल्यावर आठेक दिवस एक प्रशिक्षित बाई रोज घरी येते. किमान २४ तास, गरज असेल तर ८० तासांपर्यंत. पैसे आरोग्यविम्यातून जातात, आपल्याला तासाला पाचेक युरो भरावे लागतात. ती बाळंतिणीचे टाके बघते, बाळाला तोलते, ताप बघते, पाजायला बसवते. आणि मग संडास-बाथरूम घासते, कपडे धुते, थोरलं मूल असेल तर त्याला खाऊ घालते. हलक्या कामाचं नि भारी कामाचं असं ती वेगळं करत नाही.

एक गोष्ट माझ्या मनात कायमची बसली आहे. बाळंतपणाच्या आधी पलंगाच्या पायांखाली ठोकळे लावून तो सुमारे ८० सेंटिमीटर उंच करून ठेवावा लागतो. मला वाटलं, माझ्या सोयीसाठी असेल. पण तो नियम येणाऱ्या बाईसाठी आहे, दिवसभर वाकून तिची पाठ जाऊ नये म्हणून. ते ऐकलं आणि मला आमच्या सांगलीच्या घरातल्या मावशी आठवल्या. माझ्या वहिनीच्या वेळी न्हाऊ घालायला यायच्या. मोरीत पाटावर पाय पसरून बसायच्या, नडग्यांवर बाळ पालथं घालायच्या, तेल जिरवायच्या, न्हाऊमाखू घालून धुरी द्यायच्या. मग त्याच मोरीत उकिडवं बसून रात्रीचे वीस-बावीस लंगोट धुवायच्या. त्यांना आम्ही बारशाला साडी दिली. त्यांच्या पाठीचं काय, हे मीसुद्धा कधी विचारलं नाही.

आई माझ्या पहिल्या बाळंतपणाला आली होती. सोबत आजीच्या जुन्या नऊवारीचे शिवलेले दोन डझन लंगोट, डिंकाचे लाडू, हळीव आणि बाळंतशोपा. क्रामझोर्गच्या बाईंचं आणि तिचं काही जमेना. आईला खिडकी बंद हवी, बाळाच्या कानावर कुंची हवी. बाई येऊन आधी खिडकी उघडत. आईला रोज तेल लावून अंघोळ हवी, बाई म्हणत रोज नको. मग तिसऱ्या दिवशी बाईंनी बाळाच्या पाळण्यात गरम पाण्याची धातूची बाटली ठेवली, लोकरीच्या पिशवीत घालून, पावलांपासून हातभर लांब. आईने ती हाताने चाचपून पाहिली आणि म्हणाली, "हा तर शेकच की." त्याच दुपारी बाईंनी इथल्या रिवाजाप्रमाणे कडक टोस्टवर लोणी लावून साखरेत घोळलेली बडीशेपेसारखी बी पसरून दिली. बाळ झालं की इथे घरोघरी हेच वाटतात. त्या बियांनी दूध वाढतं, असं जुन्या डच बायका मानत. आईने तिच्यासमोर बाळंतशोपांची डबी उघडली. त्यानंतर दोघींचं भाषेवाचून बरं चाललं. मधाचं बोट मात्र बाईंनी ठामपणे अडवलं, आणि ते बरोबरच होतं. वर्षाच्या आत मध नको. क्वचित का होईना, त्यातून बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

आता दुधाचं. तिसऱ्या दिवशी मलाही वाटलं होतं की दूध नाहीच. बाळाचं वजन उतरलेलं, मी रडकुंडीला आलेली. बाईंनी बाटलीचं नाव काढलं नाही. मला उघड्या छातीशी बाळ देऊन पडायला सांगितलं, दर दोन-तीन तासांनी लावायला लावलं, आणि वहीत प्रत्येक शी-शू लिहायला सुरुवात केली. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. जन्माच्या वजनाच्या दहा टक्क्यांपर्यंत घट झाली तर लक्ष ठेवायचं, दोन आठवड्यांत ते भरून यायला हवं. बाळ जितकं ओढतं तितकं दूध बनतं, आणि वरचं सुरू केलं की तेवढं ओढणं कमी होतं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा वेळा तरी बाळ ओलं झालं तर पोटात जातंय असं समजायचं.

मामेबहिणीला मी फोनवर पहिल्यांदा हेच विचारलं, किती वेळा ओलं होतंय? तिला सांगता येईना. डायपरमधली भुकटी ओल पिऊन टाकते, हाताला कोरडंच लागतं. लंगोटाचा एवढा एक उपयोग मला मनापासून पटतो: पहिले दोन-तीन आठवडे मोजदाद आपोआप होते. मांड्या फाकण्याची भीती मात्र निराधार आहे. नवजात बाळाचे पाय गुडघ्यात वाकलेले आणि बाहेर वळलेलेच असतात. उलट दुपट्यात पाय ताणून सरळ आवळून बांधणं खुब्याला वाईट. आणि पुरळ येतं ते ओल्यात पडून राहिल्यामुळे. लंगोट वेळेवर बदलला नाही तर त्यानेही येतंच.

इथलं सगळं सोन्याचं आहे असं मी सांगणार नाही. ज्या देशात बाळंतिणीसाठी माणूस घरी येतं, त्याच देशात आईची रजा १६ आठवड्यांची आहे, आणि त्यातले चार ते सहा आठवडे बाळ यायच्या आधीच जातात. माझं बाळ अकरा आठवड्यांचं असताना मी ऑफिसात परत गेले. कायदा सांगतो, बाळ नऊ महिन्यांचं होईपर्यंत कामाच्या वेळेतला चौथा हिस्सा पाजायला किंवा दूध काढायला भरपगारी मिळतो, आणि त्यासाठी कडी लागेल अशी खोली द्यावी लागते. खोली मला मिळाली. पण बंद खोलीत यंत्राला छाती लावून, फोनवर बाळाचा फोटो बघत पान्हा फुटायची वाट पाहणं काय असतं, ते जिने केलंय तिलाच माहीत. पाचव्या महिन्यात दूध आटत गेलं आणि मी पावडरचं सुरू केलं. मुलगी छान वाढली. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने निव्वळ आईचं दूध सांगते, आणि ते मी मानते. पण माझ्यात इच्छा कमी नव्हती, आठवडे कमी होते.

आपल्याकडे उलट आहे. २०१७च्या दुरुस्तीनंतर भारतात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं. डच मैत्रिणींना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. बाटलीच्या दुधाच्या जाहिरातीवरही आपल्याकडे १९९२च्या कायद्याने बंदी आहे. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्धपेढी सुरू केली, ती आशियातली पहिली. या बाबतीत आपण कुणाच्या मागे नाही. मात्र ती २६ आठवड्यांची रजा मिळते ती नोकरीच्या पक्क्या कागदावर असलेल्या बाईला. माझ्या मामेबहिणीला मिळाली. तिच्याकडे लंगोट धुवायला येणारी बाई स्वतः बाळंत झाली तेव्हा तिसाव्या दिवशी तीन घरची भांडी घासत होती, हे तिनेच आईला सांगितलेलं. तिच्या बाळाने सहा महिने निव्वळ आईचं दूध कसं प्यावं?

कापडाच्या बाजूने जे पर्यावरणाचं बोललं जातं, त्याबद्दलही मला म्हणायचं आहे. ब्रिटनच्या पर्यावरण विभागाने २००८ साली हिशेब मांडला होता. बाळ अडीच वर्षांचं होईपर्यंत वापरून फेकायच्या डायपरमुळे सुमारे ५५० किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा पडतो, आणि नेहमीच्या पद्धतीने यंत्रात धुतलेल्या कापडाचा ५७०. म्हणजे जवळपास सारखाच. मशीन पूर्ण भरून लावलं, कपडे दोरीवर वाळवले आणि पुढच्या मुलाला तेच वापरले, तर कापडाचा बोजा सुमारे ४० टक्क्यांनी खाली येतो. माझ्याकडे नोव्हेंबरात घरातल्या स्टँडवर एक लंगोट सुकायला दीड दिवस लागायचा, मग ड्रायर लागायचाच. कोथरूडच्या गच्चीवर तोच लंगोट तासाभरात कडक वाळतो, उन्हाने त्यातले जंतूही कमी होतात. त्यामुळे पावसाळा सोडला तर कापड आपल्याकडेच जास्त शोभतं. मी उन्हाळ्यात दिवसा लंगोट बांधत होते, रात्री आणि पाळणाघरात डायपर, आणि आजही ते बरोबरच वाटतं.

डायपर फेकल्यावर तो कुठे जातो, हेही घरात बोललं जावं. पुण्यात कचरावेचक महिलांच्या 'स्वच्छ' सहकारी संस्थेने २०१७ साली 'रेड डॉट' मोहीम काढली. मागणी साधी होती: डायपर आणि पॅड कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका द्या, म्हणजे कचरा हाताने निवडणाऱ्या बाईला आत काय आहे ते न उघडता कळेल. शी आधी संडासात टाका, मग घडी घालून गुंडाळा, एवढं करायला मिनिटभर लागतं. मामेबहिणीच्या घरी मी विचारलं तेव्हा कुणाला लाल ठिपक्याचं माहीतही नव्हतं, आणि दिवसाला आठ डायपर तसेच डब्यात जात होते. लंगोटवाल्या घरात एक बाई मोरीत वाकते, डायपरवाल्या घरातली घाण दुसरी बाई गाडीवर हाताने निवडते. वाद घालणारे आम्ही चौदाजण या दोघींपैकी कुणालाच ओळखत नाही.

म्हणून बुधवारी मी ग्रुपवर मत न देता एक यादी टाकली. सोमवारी-गुरुवारी धाकटी मावशी दुपारी बाळाजवळ बसेल, म्हणजे बाळंतिणीला सलग तीन तास झोप. मोठ्या मामी लंगोटांच्या बाजूच्या आहेत, तर त्यांनी मशीनचे पैसे द्यावेत. मोरीत कुणी वाकणार नाही. धुवायला येणाऱ्या बाईचा पगार वाढवून, तिला आठवड्याची एक सुट्टी. रात्रीचे डायपर ठेवा, पण कागद आणि लाल ठिपक्यासकट. दूध पुरतंय का, हे वजनकाट्यावर डॉक्टर ठरवतील. तोवर ग्रुपवर त्याविषयी कुणी लिहू नये. मामींनी आधी राग धरला, मग संध्याकाळी फोन करून कुठलं मशीन बरं ते विचारलं.

राहता राहिला बाळाचा बाप. इथे माझ्या नवऱ्याला एक आठवडा पूर्ण पगारी आणि पुढचे पाच आठवडे सत्तर टक्के पगारावर मिळाले होते. लंगोटाची घडी घालायला तो त्याच क्रामझोर्गच्या बाईंकडून शिकला, आणि दुसऱ्या मुलाच्या वेळी मला एकही धुवावा लागला नाही. भारतात केंद्र सरकारी नोकराला पंधरा दिवस आहेत, खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने एकही नाही. मामेबहिणीच्या नवऱ्याने दहा दिवसांच्या रजेचा अर्ज दिला आहे, कारणात "मुलीची देखभाल" असं लिहून. आज चौथा दिवस, अजून उत्तर आलेलं नाही.