कोरा रकाना

महिन्याचा दुसरा सोमवार असला की घरी माझं ताट मांडत नाहीत. त्या संध्याकाळी लंडन रुबी यूजर ग्रुपची बैठक असते. रुबी ही मात्सुमोतो यांनी 1995 साली जगापुढे आणलेली प्रोग्रामिंगची भाषा, आणि ती लिहून पोट भरणारे आम्ही कुणाच्या तरी ऑफिसात जमतो. दोघं-तिघं उभं राहून बोलतात, बाकीचे ऐकतात, मध्येच प्रश्न विचारतात, मग जवळच्या पबमध्ये तेच पुढे चालू. प्रवेश फुकट, मानधन शून्य, हारतुरे नाहीत. लॅपटॉपची वायर प्रोजेक्टरला न लागणं हा मात्र कार्यक्रमाचा कायमचा भाग आहे.

मी 2012 साली पुण्याहून इथे आलो. त्याच वर्षी रुबीकॉन्फ इंडिया पुण्यात भरली होती आणि मी गेलो नव्हतो. त्याआधीची सात वर्षं पुण्यातच होतो. पुणे लिनक्स यूजर्स ग्रुप महिन्याच्या पहिल्या शनिवारी मॉडेल कॉलनीत, सिम्बायोसिसच्या संगणक संस्थेत जमायचा. माझ्या खोलीपासून सायकलवर दहा मिनिटं. एकदाही गेलो नाही.

कारण विचारलं तर मी पटकन कामाचे तास सांगेन. आणि तिकडे सध्या हाच वाद जोरात आहे: नारायण मूर्तींचे आठवड्याला 70 तास, मग लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे 90, आणि सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं-आस्थापनांमधले रोजचे तास 9 वरून 10 करायला दिलेली मंजुरी. हिंजवडीहून घरी पोचायला लागणारा वेळ त्यात कुणी धरत नाही. इथे 1998 पासून आठवड्याला सरासरी 48 तासांची मर्यादा आहे. ती सोडून द्यायचा एक फॉर्मही असतो आणि मी तो पहिल्याच दिवशी न वाचता सही करून दिला होता. तरी संध्याकाळी साडेसहाला ऑफिसातून उठलो तर कुणी घड्याळाकडे बघत नाही, हे खरं.

पण माझं खरं कारण वेगळं होतं. मला इंग्रजीची भीती वाटायची. वाचता-लिहिता यायचं, मेल फर्डी जायची. उभं राहून प्रश्न विचारायची वेळ आली की घशाला कोरड. सांगलीत मराठी शाळा, पुढे कॉलेजात पुस्तकं इंग्रजी आणि समजावणं मराठीत. पुण्याच्या ऑफिसात टेबलाशी आम्ही 'बिल्ड फुटला', 'सर्व्हर झोपला', 'कुणीतरी मास्टरवर घाण केलीय' असं धडाधड बोलायचो. तीच माणसं मीटिंग रूममध्ये शिरली की पुतळे. जो कॉन्व्हेंटचा तोच बोलणार, आणि तो बोलतोय म्हणजे त्यालाच जास्त कळतं, असा सगळ्यांचा समज. त्याचाही.

लंडनला आल्यावर हे उलटं दिसलं. इथल्या बैठकीत पोलंडचा माणूस आर्टिकलं गाळत बोलतो, ग्लासगोच्या माणसाचं निम्मं मला कळत नाही, स्पेनची बाई शब्द आठवला नाही की हाताने दाखवते. कुणालाच त्याचं काही नाही. पुण्यात इंग्रजी बोलणं म्हणजे तोंडी परीक्षा, इथे ते नुसतं बोलणं. हे समजायला साडेचार हजार मैल यावं लागलं, याची अजून थोडी लाज वाटते.

तरी स्वतः बोलायला उभं राहायला पाच वर्षं लागली. 2017 मध्ये कामावर एक पराक्रम केला होता. चालू डेटाबेसमधल्या चार कोटी ओळींच्या टेबलात मी एक नवा कॉलम वाढवला, डिफॉल्ट किंमत, म्हणजे काही न लिहिल्यास आपोआप पडणारी, शून्य देऊन. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसच्या 11 व्या आवृत्तीआधी असं केलं की ते अख्खं टेबल नव्याने लिहून काढायचं आणि तोवर टेबलाला कुलूप. ना कुणाला वाचता येतं, ना लिहिता. बावीस मिनिटं सगळी साइट ठप्प. नोकरी वाचली. ग्रुप चालवणाऱ्या एकीला पबमध्ये हे सांगितलं तर ती म्हणाली, यावरच बोल ना.

स्लाइड केल्या, आरशासमोर म्हणून पाहिल्या. मलाच झोप यायला लागली. आदल्या रविवारी बाबांचा फोन आला. बाबा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते, चौतीस वर्षं. कीर्द आणि खतावणी सोडून त्यांनी दुसरं काही हातात धरलं नाही. कशावर बोलणार आहेस, म्हणाले. टाळत होतो, पण सांगितलं.

"म्हणजे खतावणीत रकाना वाढवला म्हण की."

"हो, पण चार कोटी पानांच्या. आणि प्रत्येक पानावर त्या रकान्यात शून्य लिहून होईपर्यंत वही कुणाच्या हाताला लागेना."

"मग शून्य लिहायची घाई कुणाला होती? रकाना कोरा आखून ठेवायचा. नवीन नोंद येईल तिथं शून्य घालत जायचं. जुनी पानं दुपारी गिऱ्हाईक नसलं की थोडी थोडी भरायची. त्यासाठी अडत कशाला बंद ठेवायची?"

माझ्या चौदाव्या स्लाइडवर हेच होतं, इंग्रजीत, तीन कमांडी देऊन. आधी डिफॉल्टशिवाय रिकामा कॉलम, मग नव्या ओळींपुरतं डिफॉल्ट, मग जुन्या ओळी हजार-हजारच्या गठ्ठ्याने भरणं. हे शोधायला मला ती बावीस मिनिटं आणि नंतरचे तीन दिवस लागले होते. बाबांनी चहा निवायच्या आत सांगितलं, कारण त्यांना प्रश्न त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या वहीत मिळाला.

पहिल्या तीन स्लाइड काढून टाकल्या आणि बोलायला सुरुवात हळदीच्या अडतीपासून केली. पुढचं सगळं आपोआप आलं. पबमध्ये एकाने गंभीर चेहऱ्याने विचारलं, तुझ्या वडिलांना इंडेक्सबद्दल काय वाटतं?

तिकडचा मराठीचा वाद मी याच चष्म्यातून बघतो. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला, पेढे वाटले. एप्रिल 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय निघाला, रान पेटलं आणि 29 जूनला तो मागे घ्यावा लागला. माझं मत विचाराल तर मागे घेतला ते बरंच झालं. पण या सगळ्या गदारोळात मराठीचा मुद्दा शाळा, दुकानाच्या पाट्या आणि बँकेतला काउंटर एवढ्यावरच फिरत राहिला. ज्या कामावर पुण्यातली लाखो घरं चालतात त्या कामाबद्दल कामगारांनी आपसात कोणत्या भाषेत बोलावं, हा प्रश्न कुणाच्या भाषणात मला तरी ऐकू आला नाही.

एकदा तो जवळपास आला होता. 2021 पासून प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू झालं. लगेच दोन तट. एक म्हणे मराठीतून शिकलेल्याला नोकरी कोण देणार, दुसरा म्हणे जर्मनी-जपान बघा. मला दोघांचीही गंमत वाटली. वर्गात मराठी आणायची तर पाठ्यपुस्तक लागतं, पाठ्यपुस्तक आलं की परिभाषा कोश येतो, आणि मग डेटाची विदा आणि प्रोग्रामची आज्ञावली होते. या शब्दांशी माझं भांडण नाही, काही तर फार नेटके आहेत. पण बाबांनी रकाना म्हटलं आणि मी कॉलम म्हटलं, कुणाचंच अडलं नाही. अशी भाषा कोशातून येत नाही, दर महिन्याला चाळीस माणसं एका खोलीत बसून एकमेकांच्या चुका ऐकतात तिथे ती घडते.

पुण्यातला माझा आतेभाऊ यावर म्हणाला, "दादा, यूट्यूबवर सगळं आहे की. ट्रॅफिकमधून तडफडत कशाला जायचं?" बरोबर आहे, शिकायला जायची गरज नाही. पण यूट्यूबवाला चुकत नाही, चुकलेलं कापून टाकतो. आणि त्याला मध्येच थांबवून 'हे आमच्याकडे चाललं नाही' असं सांगता येत नाही. शिवाय नियमित जमणाऱ्या माणसांचं हळूहळू वजन पडतं. जावा या दुसऱ्या एका प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करणाऱ्या लंडनकरांचा असाच एक गट 2011 मध्ये जावाचे नियम ठरवणाऱ्या कार्यकारी समितीवर निवडून गेला, थेट ओरॅकल आणि आयबीएमच्या शेजारच्या खुर्चीत. महिन्याच्या गप्पांतून उभा राहिलेला गट!

इथलं सगळं गोड आहे असंही नाही. वर्षानुवर्षं ज्यांच्या हॉलमध्ये अशा बैठका भरायच्या ती स्किल्स मॅटर कंपनी 2019 अखेरीस बुडाली आणि कितीतरी गट रातोरात बेघर झाले. पाठोपाठ महासाथ, सगळं स्क्रीनवर. आता पुन्हा जमतो, पण चेहरे बरेचसे तेच, फक्त डोक्यावरचे केस कमी. खाणं पुरवणारी कंपनी 'आम्ही भरती करतोय' हे सांगितल्याशिवाय पिझ्झ्याचा खोका उघडू देत नाही.

अशा बैठकीत आपल्या भाषेत बोलावं या माझ्या मताविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र मीच आहे. कामानिमित्त हॅम्बर्गला गेलो असताना तिथल्या एका गटात जाऊन बसलो. सुरुवातीला विचारलं गेलं, इंग्रजीत बोललेलं चालेल ना? सगळ्यांनी माना डोलावल्या. जर्मन न येणारा खोलीत मी एकटा. पहिला वक्ता बिचारा जर्मन स्लाइड घेऊन आला होता. तो दर वाक्याला अडखळायला लागला, त्याचा एक विनोद तर मधल्या मध्येच मेला. वीस जणांची संध्याकाळ माझ्या एकट्यासाठी लंगडी झाली. आभार मानावेत की माफी मागावी, कळेना.

पुण्यात हाच पेच रोजचा आहे. मला डेटाबेस शिकवला तो पाटण्याच्या माणसाने, आणि तो ज्या खोलीत परका ठरेल त्या खोलीत मला बसायचं नाही. त्यामुळे पुण्याच्या बैठका इंग्रजीत, हिंदीत, खिचडीत जशा होतात तशा होऊ द्याव्यात. फक्त प्रश्न मराठीतून आला तर कुणी मान वळवून बघू नये, एवढं तरी. सांगली, कोल्हापूर, नाशिक, लातूर इथे मात्र अडचण कसली? तिथे एका खोलीत वीस मराठी माणसं बसून एकमेकांशी मोडक्या इंग्रजीत बोलतात तेव्हा ते नक्की कुणाच्या सोयीसाठी असतं?

आपल्याला भाषणं ऐकायची सवय नाही असंही म्हणता येत नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली सुरू केली, ती अजून चालू आहे. 1932 चं लंडनचं महाराष्ट्र मंडळसुद्धा वक्ते बोलावतं, आणि दिवसभर कोड लिहून आलेली माणसं तिथे नाटकावर तासभर मराठीत वाद घालतात. आपली अडचण व्यासपीठाची आहे. वक्ता म्हटला की शाल, श्रीफळ, परिचय, अध्यक्षीय समारोप, आणि घड्याळात वेळ उरलाच तर एक प्रश्न. मान्यवराने आपली चूक सांगायची नसते. दोन वर्षं अनुभव असलेल्या पोराने मान्यवर व्हायचं नसतं. इथे पाच मिनिटांच्या भाषणाला पहिल्यांदाच उभं राहणाऱ्याला सगळ्यात जास्त टाळ्या पडतात.

गेल्या डिसेंबरात गावी गेलो तेव्हा कोल्हापूरच्या एका मित्राने राजारामपुरीतल्या त्याच्या ऑफिसात चौदा जणांना गोळा केलं. चहा आणि एक पिशवी भडंग. मी तीच बावीस मिनिटांची गोष्ट सांगितली, संपूर्ण मराठीत, म्हणजे आम्ही बोलतो त्या मराठीत. फळ्यावर खतावणी काढली. चाळीस मिनिटं बोललो. संपल्यावर मागे बसलेल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, "सर, प्रश्न मराठीत विचारला तर चालेल का?"

बाकीचे तेराही जण हसले. ती मात्र हसली नाही, तिला खरंच उत्तर हवं होतं. मग तिने जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. लंडनला परतल्यावर दोन दिवस खपून शोधलं आणि तिला पाठवलं.

ते आता दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी जमतात. मला फोटो येतात. प्रोजेक्टर नाही, भिंतीवर चादर लावलेली दिसते, म्हणजे प्रोजेक्टर येणार असावा. पुढच्या वेळी ती मुलगी बोलणार आहे. त्यांच्या कंपनीत एका गिऱ्हाइकाचे पैसे दोनदा कापले गेले होते, त्यावर. परवा तिचा निरोप आला, सर, डेडलॉकला मराठीत काय म्हणू? डेटाबेसमधली दोन कामं एकमेकांच्या कुलपासाठी अडून बसतात, तो पेच. मी लिहिलं, डेडलॉकच म्हण. तिने अंगठा दाखवला आणि लगेच दुसरा प्रश्न: एक किलो भडंग पुरेल का?