चाळिशीनंतरचं गुरुत्वाकर्षण

चाळिशीनंतर योगासनं सुरू केली की लोक कौतुक करतात. फिजिक्सची पदवी घ्यायची म्हटलं की आधी एकमेकांकडे बघतात. "पगार वाढणार का त्यानं?" सासऱ्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर "मग छंद म्हणून ठीक आहे" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. प्रवेशअर्जात मात्र छंदासाठी रकाना नसतो.

अभ्यासक्रम निवडायला बसलं की पहिली गाठ माहितीपत्रकांशी पडते. मुखपृष्ठावर कृष्णविवर, आत लेसरकडे बघून हसणारी विशीतली मुलं. (लेसरकडे बघून हसायचं नसतं, एवढं फिजिक्स मला प्रवेशाआधीच येतं.) पहिल्या सत्राचा तपशील उघडावा, तर उतारावरून घसरणारा ठोकळा. कृष्णविवर चौथ्या वर्षी, तेही ऐच्छिक.

शुद्ध भौतिकी, उपयोजित भौतिकी, अभियांत्रिकी भौतिकी, खगोलभौतिकी अशी नावं बघून मी बरीच हुरळले होते. पण नोकरी करून शिकणाऱ्याचा निकाल नावांवर लागत नाही, पूर्वअटींवर लागतो. क्वांटम मेकॅनिक्स घ्यायचं तर आधी आधुनिक भौतिकी हवी. तिच्याआधी विद्युतचुंबकत्व, त्याच्याआधी बहुचल कलन (म्हणजे अनेक चलांचं कॅल्क्युलस), त्याच्याआधी साधं कलन आणि सगळ्यांच्या तळाशी त्रिकोणमिती, जिच्याशी माझे संबंध शाळेतच तुटले. यातले बरेच विषय वर्षातून एकदाच शिकवतात. एक हुकला की सहा महिने नाही, पुरतं वर्ष जातं. दिवसातून एकदाच येणारी एसटी चुकावी तसं. अर्धवेळ शिकत या हिशेबानं मी पदवीधर होईन, तेव्हा सध्या सहावीत असलेली आमची कन्या मला नोकरीचा सल्ला देत असेल.

जुन्या वाणिज्य पदवीचा काही उपयोग होईल, अशी आशा होती. झाला. भाषेचे पेपर माफ झाले. म्हणजे जेवढं मला येत होतं, नेमकं तेवढंच.

मग ऑनलाइन का नाही? थिअरी घरबसल्या होते, पण प्रयोगशाळा येते कुठून? काही ठिकाणी साहित्याची पेटी घरी पाठवतात, काही ठिकाणी सगळे प्रयोग आठवडाभराच्या निवासी शिबिरात उरकतात आणि बाकीच्यांचं प्रॅक्टिकल कामाच्या दिवशी भर दुपारी. माझं मत विचाराल तर पेटी बरी. एक मीटरचा लंबक एका पूर्ण झोक्याला साधारण २ सेकंद घेतो, हे मी पंख्याच्या हुकाला दोरी बांधून पाहिलंही. नवऱ्यानं खोलीत डोकावून आधी दोरीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं आणि तब्येतीची चौकशी केली.

धीर द्यायला लोक आइन्स्टाइनचं नाव घेतात. १९०५ साली ते सगळे शोधनिबंध लिहिले तेव्हा तो २६ वर्षांचा होता. यात मला कसला धीर? माझा माणूस जॉर्ज ग्रीन. इंग्लंडात नॉटिंगहॅमजवळ पिठाची गिरणी चालवायचा. शाळा जेमतेम वर्षभराची. १८२८ साली वीज आणि चुंबकत्वावरचा गणिती निबंध वर्गणी जमवून छापला आणि १८३३ मध्ये, चाळिसाव्या वर्षी, केंब्रिजला विद्यार्थी म्हणून दाखल झाला. ही गोष्ट मी घरात मोठ्यानं वाचून दाखवली. सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला, ते पान मनातल्या मनात वाचलं. आणि याच सद्गृहस्थाचं प्रमेय बहुचल कलनात, म्हणजे माझ्या पूर्वअटीत, आडवं बसलेलं आहे!

शेवटी ज्या अभ्यासक्रमाचे दुसऱ्या वर्षाचेसुद्धा तास संध्याकाळी होते, तो घेतला. पहिल्या वर्षाचे तास संध्याकाळी बरेच जण ठेवतात. खरी मेख पुढे असते.

अर्जात पालकांचा फोन नंबर सक्तीचा होता. आईचा दिला. खात्री करायला तिकडून फोन गेला, तेव्हा ती म्हणाली, "लक्ष ठेवा हो तिच्यावर. गणितात पहिल्यापासून घाई करते."