डबा डिस्पोजेबलच घ्या

धनत्रयोदशीच्या आधीचा रविवार गाठायचा आणि संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला कोल्हापूरच्या महाद्वार रोडला निघायचं. दुपारी गेलात तर रस्ता मोकळा मिळतो, दुकानदार ‘बसा’ म्हणतो, पाणी देतो, आणि तासाभरात माणूस पिशवी घेऊन घरी येतो. असली खरेदी काय कामाची? गाडी शक्यतो मोठी काढावी. बिंदू चौकात तिला जागा मिळणार नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण जागा शोधत घातलेल्या तीन फेऱ्यांत निदान चार ओळखीचे भेटतात आणि त्यांना गाडी दिसते. केएमटीच्या बसनं आलात तर फक्त तुम्ही दिसता.

यादी मुळीच करू नका. यादी केली की ती कुठंतरी संपते. आमचे आण्णा यादी करायचे, म्हणून आम्ही मागं राहिलो. आण्णा शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ साली उभी केलेली, २००३ मध्ये बंद पडलेली ती मिल. बोनस हातात पडला की ते कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहायला बसायचे. उटणं, वासाचं तेल, मोती साबण एक (माणसं सहा), आईला पातळ, धाकटीला फ्रॉक, दोघा पोरांना एकाच ताग्यातलं कापड. शेवटची ओळ दरवर्षी तीच असायची : ‘मला – बघू.’ इतकी वर्षं ते नेमकं काय बघत होते ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आम्हीही विचारलं नाही, आणि हेच बरोबर आहे. असं विचारायला गेलं की अंगातला नवा शर्ट टोचायला लागतो.

त्या एका ताग्यामुळं भाऊ आणि मी फोटोत बँडवाल्यांसारखे दिसतो. शर्ट दोन बोटं मोठाच शिवायचा, ‘पुढच्या वर्षी बसंल’ म्हणून. शिंपी लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री अकरा वाजता काजं करत असायचा आणि आम्ही त्याच्या पायरीवर पेंगत असायचो. तुमच्या पोरांवर ही वेळ आणू नका. त्यांना मोबाइलवर आठ शर्ट मागवू द्या, सहा परत करू द्या. परत करण्याची सोय हीच खरी सोय आहे. जी वस्तू परत जाऊ शकते तिच्यासाठी कुणी पायरीवर पेंगत नाही.

आता चप्पल. पाहुणे येतात, पायाचं माप दोऱ्यात घेऊन येतात, भवानी मंडपाच्या बाजूची चप्पल लाइन पालथी घालतात, हे मला नेहमी मागासलेपणाचं वाटत आलंय. कोल्हापुरी चप्पल कोल्हापुरात घेऊ नये. इथं तिला कोण पुसतंय? कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत मुरवायचं, तळाचे थर चामड्याच्याच वादीनं शिवायचे, खिळा लावायचा नाही, अशी ती बनते. २०१९ साली तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून. तरी आपल्याला काही वाटलं नाही. मग २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं अगदी तशीच दिसणारी चप्पल चालवली, नाव न घेता. इकडं बोंबाबोंब झाली, तेव्हा त्यांनी मान्य केलं की प्रेरणा भारतातल्या हस्तकलेची. आपला मुद्दा रास्तच होता : वापरायचं आणि ज्यानं केलं त्याचं नाव घ्यायचं नाही, याला काय अर्थ? मीही तावातावानं बोललो. बोलता बोलता पायाकडं लक्ष गेलं. माझी चौदावी की पंधरावी कोल्हापुरी असेल ती. एकाही जोडाच्या कारागिराचं नाव मला माहीत नाही. पण माझ्यावर कुणी बोंब मारली नाही, त्यामुळं चाललंय.

लहानपणी दुकानातल्या म्हाताऱ्यानं कागदावर माझा पाय ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवली होती. गुदगुल्या झाल्या, मी पाय ओढला, तर म्हणाला, “हलू नको रं, न्हाईतर चप्पल बी नाचंल.” आणि देताना, “आठ दिस चावंल. मग तुझ्या पायाची हुईल. तेल लाव, पावसात घालू नको.” पस्तीस-चाळीस वर्षांत मला कुठल्याही विक्रेत्यानं ‘चावंल’ असं आधी सांगून माल विकलेला नाही. असल्या माणसाशी घासाघीस अवश्य करा. ‘ऑनलाइन दीडशेनं स्वस्त आहे’ म्हणा. तो गप्प बसेल. तो तुमचाच विजय समजा.

पाडव्याला मात्र घरातून बाहेर पडू नका. त्या दिवशी आमच्याकडं गवळी लोक म्हशी धुऊन-पुसून, शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मिरवायला काढतात. मालक पुढं पळतो, म्हैस नाव ऐकून मागं पळते आणि बघ्यांच्या टाळ्या. वर्षभर दूध दिलं म्हणून एवढा मान. हे बघणं धोक्याचं आहे. घरी येऊन तुम्हाला वर्षभर चहा देणाऱ्या माणसाकडं बघावं लागतं, आणि त्याचं काय करायचं ते कुणी शिकवलेलं नसतं. त्यापेक्षा उजळाईवाडीहून विमान धरा आणि मजल दरमजल करत दुबई गाठा. तिथं चार दिवसांत बघण्यासारखं बरंच असतं, पण त्यात वेळ घालवू नका. बॅगेचं वजन महत्त्वाचं. माझ्या ओळखीत एका घरी फ्रीजचं दार देशोदेशीच्या चुंबकांनी एवढं भरलंय की आतलं शिळं कालवण कोणत्या देशात आहे ते सापडत नाही. त्यांना मी विचारलं, “सगळ्यात काय आवडलं ओ?” तर म्हणाले, “हॉटेलवाल्या पोरानं आमच्या आईला एकदा मऊ भात करून दिला, मेनूत नसताना.” मग एकदम सावरले आणि परफ्यूम दाखवायला लागले.

याहून मोठा धोका फराळाच्या डब्याचा. शेजारी फराळ द्यायचाच असेल तर डिस्पोजेबल डब्यातून द्या. स्टीलचा डबा दिला की तो परत येतो. रिकामी भांडी परत देऊ नयेत अशी आपल्याकडं एक जुनी खोड आहे, निदान चमचाभर साखर तरी घालतात. मग तुम्ही पुन्हा काहीतरी देता, तो पुन्हा येतो, आणि वीस-वीस वर्षं दोन घरं एका डब्यात अडकून पडतात. प्लॅस्टिकच्या डब्याला हा त्रास नाही. चकली खाल्ली, डबा कचऱ्यात, व्यवहार पूर्ण.

आमच्या घरात असा एक अडकलेला डबा आहे, म्हणून बोलतो.

मी चौथीत होतो. मे महिन्यात एसटीनं मावशीकडं कणकवलीला निघालो होतो. आण्णांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली. गगनबावड्याला एक बाई चढली, डोक्यावर बुट्टी, हातात पितळी कड्यांचा डबा. वैभववाडीला लेकीकडं चालली होती, लेक बाळंतीण. करूळ घाटात दोन वळणं उतरली आणि लाल डब्यानं जीव सोडला. कंडक्टर म्हणाला दुसरी गाडी येईल. दुपार उलटली तरी आली नाही. आईजवळचे दशम्या-लाडू बावड्याआधीच संपलेले. धाकटी रडून रडून गप्प झाली. शेवटी एक ट्रक थांबला. त्यात दोघाचौघांना जागा होती, त्या बाईला मिळाली. वर चढता चढता तिनं खाली वाकून डबा आईच्या हातात दिला. आई नको नको म्हणत होती.

“पोरास्नी खाऊ द्या वैनी.”

“अवो, लेकीला नेताय न्हवं? आनि डबा?”

“मिळंल की कवातर!”

तिनं गावाचं नावही सांगितलं, पण ट्रक सुरू झाला होता. आई म्हणते ‘वाडी’ एवढं ऐकू आलं. त्या भागात वाडीनं संपणारी किती गावं आहेत ते तुम्ही नकाशात मोजा. डब्यात नाचणीची भाकरी होती, सुकटाची चटणी आणि गुळाचे चार खडे. आम्ही पाचही जणांनी खाल्लं. रेल्वेत पाटी असते, अनोळखी माणसाकडून खाण्याचे पदार्थ घेऊ नका म्हणून. ती पाटी पाळावी. पाळली असती तर उगाच कुणाच्या तरी बाळंतिणीची भाकरी इतकी वर्षं अंगावर राहिली नसती.

डब्यावर नाव घातलेलं आहे. ‘सौ.’ एवढंच वाचता येतं. पुढची अक्षरं आईनं घासून घासून घालवली, स्वच्छतेपायी.

गेल्या दिवाळीला साफसफाई करताना मुलीनं तो टाकायच्या ढिगात ठेवला. तिनं मोबाइलवर कुठंतरी बघितलंय : जी वस्तू वर्षभर वापरली नाही ती काढून टाकायची. नियम चांगला आहे, मीही तिची बाजू घेतली. तसा तो वापरातही नसतो, वर्षातून एकदाच खाली येतो. आईनं ढिगातून तो उचलला, कडं ठोकून बसवलं, डंकावर कुटलेली ताजी कांदा-लसूण चटणी दाबून भरली, वर तेलाची धार सोडली आणि मला विचारलं, दरवर्षी विचारते तसं, “बावड्याकडं कोन चाललंय काय रं?”

मी म्हणालो, “बघू.”